एका माइकसमोर दोन मँडोलिन : ध्वनियोजनेच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

उत्तर कॅरोलिनातील आमच्या गावच्या जुन्या शाळेच्या सभागृहात २२ मार्च रोजी ब्लूग्रासची, म्हणजे तंतुवाद्यांवर वाजवल्या जाणाऱ्या अमेरिकी ग्रामीण संगीताची, मैफल होणार, हे आजच्या बैठकीत नक्की झाले. ध्वनियोजना आणि ध्वनिमुद्रण ही दोन्ही कामे आमच्या स्वयंसेवकांच्या गटाकडे आली आहेत, आणि या नोंदी तेवढ्यापुरत्याच आहेत. मंचावर सहा वादक असतील : गिटार, बँजो, फिडल (म्हणजे व्हायोलिन), उभा बास आणि दोन मँडोलिन. मँडोलिनवादकांपैकी एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत आणि या भागात त्यांचे वादन ऐकतच दोन पिढ्या वाढल्या आहेत. दुसरी वादक शेजारच्या परगण्यातील सतरा वर्षांची मुलगी असून, तिकीट लावलेल्या मैफलीत ती प्रथमच वाजवणार आहे.

ज्येष्ठ वादकांची अट एकच आहे. सहाही जणांत मिळून एकच माइक असावा, आणि वादकांच्या पायाशी मॉनिटर, म्हणजे त्यांना स्वतःचे वादन ऐकवणारे स्पीकर, ठेवू नयेत. समितीतील काहींना ही हौस वाटली. मुलीचा आवाज मागे पडेल, निदान तिला तरी वेगळा माइक द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. माझे मत अटीच्या बाजूने पडले. प्रत्येकाला स्वतंत्र माइक दिला की कोणी किती ऐकू यावे हे मिक्सरपाशी बसलेला माणूस ठरवतो, आणि त्या माणसाला, म्हणजे मला, ही गाणी वादकांइतकी ठाऊक नाहीत. एका माइकच्या पद्धतीत तो निर्णय त्यांच्याकडेच राहतो. ज्याला पुढे यायचे आहे तो माइकजवळ येतो आणि त्याचा भाग संपला की मागे सरतो. ध्वनिक्षेपणाची साधने तुटपुंजी होती त्या काळात नभोवाणीच्या स्टुडिओत आणि मंचावर असेच वाजवले जाई. पुढे प्रत्येकापुढे माइक आले, तरी १९९०च्या दशकात डेल मॅकूरी यांच्या बँडने ही जुनी रीत पुन्हा लोकप्रिय केली.

१८ जानेवारी २०२५

सभागृहाची पाहणी केली. लाकडी जमीन, लाकडी मंच, उंच छत, सुमारे दोनशे खुर्च्या. रिकाम्या सभागृहात टाळी वाजवली की तिचा घुमारा दीड सेकंदाच्या आसपास रेंगाळतो. माणसांनी भरल्यावर तो पुष्कळ कमी होईल, परंतु मागची विटांची भिंत जाड पडद्याने झाकणे आवश्यक आहे. उष्ण हवेच्या नळीचा सततचा घरघराट मंचाच्या डाव्या बाजूला स्पष्ट ऐकू येतो. मैफलीपूर्वी सभागृह नीट तापवून घ्यावे आणि प्रत्यक्ष वादनाच्या वेळी पंखा बंद ठेवावा, असे व्यवस्थापकांना सांगितले आहे.

२६ जानेवारी २०२५

कार्यक्रमपत्रिकेसाठी एक पान मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. समितीला ‘ज्येष्ठाकडून नवोदिताकडे’ या धर्तीवर काहीतरी हवे आहे. ब्लूग्रासच्या इतिहासात अशा कथांची वाण नाही. केंटकीतील मार्था या गावी १९६० साली ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे मँडोलिनवादक बिल मन्रो यांचा कार्यक्रम चालू असताना श्रोत्यांनी सहा वर्षांच्या रिकी स्कॅग्ज याला वर बोलावण्याचा धोशा लावला, आणि मन्रो यांनी स्वतःचे मँडोलिन त्या मुलाच्या गळ्यात अडकवून त्याला वाजवू दिले. १९७२ साली गिटारवादक आणि गायक लेस्टर फ्लॅट यांनी मार्टी स्टुअर्ट याला आपल्या बँडमध्ये घेतले, तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा होता. टेनेसीतील सिएरा हल हिला अ‍ॅलिसन क्राउस या गायिकेने लहान वयातच ग्रँड ओल ऑप्री या नामांकित रेडिओ-मैफलीच्या मंचावर नेले, आणि पुढे २०१६ साली आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संगीत संघटनेचा वर्षातील सर्वोत्कृष्ट मँडोलिनवादकाचा पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली.

या कथा खऱ्या आहेत आणि त्या पत्रिकेत येतील. त्यांत मला एक उणीव मात्र दिसते. त्या सगळ्या मंचावर पाऊल पडण्याच्या क्षणाशी थांबतात, आणि मूल पुढे येऊन काय वाजवते याकडेच लक्ष वेधतात. खुद्द मन्रो यांची घडण वेगळ्या रीतीने झाली. ते १९११ साली केंटकीतील रोझीन येथे जन्मले. घरात फिडल आणि गिटार थोरल्या भावांनी आधीच घेतलेले असल्यामुळे धाकट्या बिलच्या वाट्याला मँडोलिन आले, आणि त्याचा आवाज फार होऊ नये म्हणून आठांपैकी चार तारा काढून ठेवायला भावांनी लावले, असे सांगितले जाते. त्यानंतर हा मुलगा मामा पेन व्हँडिव्हर यांच्या फिडलमागे गावोगावच्या नाचाच्या कार्यक्रमांत गिटारची साथ करत हिंडला. आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाबरोबरही त्याने अशीच साथ केली. म्हणजे पुढे ज्याच्या बँडच्या नावावरून या संगीतालाच नाव मिळाले, तो आधी साथीतून शिकला. दुसऱ्याच्या वादनाखाली लय धरून उभे राहणे हे त्याचे पहिले शिक्षण होते. पत्रिकेत ही बाजू यावी म्हणून मी आग्रह धरणार आहे.

आमच्या राज्याचा संबंधही नमूद केला आहे. बिल आणि चार्ली या मन्रो बंधूंनी पहिले ध्वनिमुद्रण १७ फेब्रुवारी १९३६ रोजी शार्लट येथे केले. बँजोला आजचे रूप देणारे अर्ल स्क्रग्ज याच राज्यातील क्लीव्हलँड परगण्यात १९२४ साली जन्मले, आणि डिसेंबर १९४५मध्ये ते मन्रो यांच्या ब्लू ग्रास बॉइजमध्ये गेल्यावर या संगीताचा साचा पक्का झाला.

९ फेब्रुवारी २०२५

माइकची चाचणी. एकाच बाजूने ऐकणारा, हृदयाकृती ग्रहणक्षेत्राचा, मोठ्या पडद्याचा कंडेन्सर माइक निवडला. त्याला मिक्सरकडून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. दोन्ही स्पीकर माइकच्या पुढे, मंचाच्या कडेला आणि श्रोत्यांकडे तोंड करून ठेवायचे, म्हणजे त्यांचा आवाज माइकमध्ये परतण्याची शक्यता कमी होते. ध्वनिमुद्रणासाठी सभागृहात, तिसऱ्या रांगेच्या वर, १७ सेंटिमीटर अंतरावर आणि ११० अंशांच्या कोनात दोन छोटे माइक टांगले जातील.

अंतराचे गणित समितीसाठी कागदावर मांडून ठेवले. मोकळ्या जागेत माइकपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. मँडोलिन ३० सेंटिमीटरवरून ६० सेंटिमीटरवर गेले की तेवढ्यानेच सहा डेसिबल गेले, आणि ९० सेंटिमीटरवर गेले की साडेनऊ. वादकाचे अर्धे पाऊल हे मिक्सरवरील पट्टी खाली ओढण्याच्या बरोबरीचे आहे. सभागृह चोहोबाजूंनी बंद असल्यामुळे प्रत्यक्षात फरक याहून कमी पडतो, पण माइकच्या इतक्या जवळ हा अंदाज पुरेसा आहे.

१६ फेब्रुवारी २०२५

पहिली तालीम. आज जे ऐकायला मिळाले ते थोडे सविस्तर नोंदवतो, कारण पुढच्या सगळ्या निर्णयांचे मूळ त्यात आहे.

ब्लूग्रासच्या नेहमीच्या जुळणीत मँडोलिन एकच असते, आणि त्याचे कारण हे वाद्य बँडमध्ये जे काम करते त्यात आहे. या संगीतात तालवाद्य नाही. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बासचा खोल स्वर पडतो, तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनचा कोरडा, क्षणात विझणारा आघात येतो. त्याला चॉप म्हणतात. डाव्या हाताची बोटे सगळ्या तारा झाकणारा सूरमेळ धरतात, उजवा हात पिकने, म्हणजे तारा छेडण्याच्या पातळ तुकड्याने, त्यांवर आघात करतो, आणि लगेच डाव्या बोटांचा दाब सैल करून आवाज तोडला जातो. चॉप चांगला पडला की श्रोत्याला ढोलाची उणीव भासत नाही. मराठी श्रोत्याच्या कानात मँडोलिन म्हटले की लक्ष्मीकांत कुडाळकरांच्या काळच्या हिंदी चित्रपटगीतांतील थरथरता, लांबवलेला स्वर येतो, आणि लहानपणापासून माझ्याही कानात तोच होता. ब्लूग्रासमध्ये ती थरथर मुख्यतः संथ गाण्यांपुरती उरते, आणि मँडोलिनवादकाचा मंचावरील बहुतेक वेळ चॉपमध्येच जातो.

फिडलवादकाचा एकल भाग, ज्याला इथे सगळे ब्रेक म्हणतात, सुरू झाला आणि दोन्ही मँडोलिन एकदम चॉप करू लागली. तालीम मुद्रित केली होती, म्हणून नंतर लहरींचे चित्र मोठे करून पाहिले. दोन आघातांत पुष्कळ ठिकाणी २५ ते ३० सहस्रांश सेकंदांचे अंतर होते, आणि इतक्या तीक्ष्ण आवाजात एवढे अंतर कानाला दुहेरी आघात म्हणून कळते. मुलगी मात्रेच्या किंचित अलीकडे वाजवते, तर ज्येष्ठ वादक मात्रेच्या अगदी मागच्या कडेवर. दोघेही आपापल्या जागी चूक नाहीत. एकत्र आले की मात्र लय धूसर होते आणि बासवादक कोणाकडे पाहावे या संभ्रमात पडतो.

बँजोवादकाने सुचवले की एकाने चॉप करावा आणि दुसऱ्याने खालच्या तारांवर पूरक सुरावट वाजवावी. ज्येष्ठ वादकांनी ते नाकारले. एक जण चॉप करील आणि दुसऱ्याने तेवढा वेळ हात तारांवरून काढून उभे राहावे, असे त्यांनी सांगितले. पूर्वार्धात चॉप मुलीकडे आणि उत्तरार्धात त्यांच्याकडे, अशी वाटणीही त्यांनीच केली. समितीच्या प्रतिनिधींना हे रुचले नाही. लोक तिचे ब्रेक ऐकायला येणार आहेत, आणि अर्धा कार्यक्रम ती नुसती साथ करणार, हा तिच्यावर अन्याय आहे, असे त्या म्हणाल्या. यावर ज्येष्ठ वादकांचे उत्तर थोडक्यात असे होते की, संपूर्ण कार्यक्रम तिने त्यांच्या चॉपवर वाजवला तर लोकांना दोघांच्या वादनात एकच लय ऐकू येईल, आणि ती त्यांची असेल. तिची लय कशी आहे ते त्यांना स्वतःला ऐकायचे आहे.

समितीचा आक्षेप मला पटत नाही. ब्रेक वाजवणाऱ्याकडे लोक पाहतात, पण त्या वेळी बँड कसा धावेल हे चॉप धरणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असते. नवोदिताला पन्नास वर्षे वाजवत आलेल्या माणसाच्या वादनाखाली लय धरायला सांगणे हा मला अन्याय वाटत नाही. माझ्या मते ज्येष्ठ वादकांनी या मैफलीत त्यांना देता येण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट तिला देऊ केली आहे, आणि ती जोखमीचीही आहे, कारण तिची लय घसरली तर त्यांचा ब्रेक तिच्याबरोबर घसरेल.

२ मार्च २०२५

दुसरी तालीम. हालचालींची आखणी झाली. ब्रेक घेणारा उजव्या बाजूने आत येईल आणि डाव्या बाजूने मागे जाईल, गायक मध्यभागी राहतील आणि बास माइकपासून दोन मीटर मागे स्थिर राहील. बँजो जन्मतःच मोठ्या आवाजाचा असल्याने बँजोवादक ब्रेकच्या वेळीही माइकपासून हातभर दूर थांबतील.

माइकच्या उंचीचा प्रश्न अनपेक्षितपणे अवघड निघाला. ज्येष्ठ वादक सहा फुटांहून उंच आहेत आणि मुलगी त्यांच्या खांद्याला लागते. गाण्यासाठी माइक वर हवा आणि तिच्या मँडोलिनसाठी खाली. अखेर माइक सुमारे १४० सेंटिमीटरवर, किंचित खाली झुकवून ठेवला. तिने ब्रेकच्या वेळी वाद्य थोडे उचलून धरायचे आणि ज्येष्ठ वादकांनी गाताना मान झुकवायची, असे ठरले. ते म्हणाले की मान झुकवण्याची सवय त्यांना आधीपासूनच आहे.

वाद्यांतील फरकही लक्षात घेतला. ज्येष्ठ वादकांचे वाद्य एफ-५ पद्धतीचे आहे, म्हणजे वर गुंडाळीसारखे वळण आणि पोटाला व्हायोलिनसारखी दोन छिद्रे असलेले. हा नमुना गिब्सन कंपनीने लॉइड लोर यांच्या देखरेखीखाली १९२२ साली बाजारात आणला. मन्रो यांनी १९४०च्या दशकात मायामीतील एका न्हाव्याच्या दुकानातून विकत घेतलेले त्यांचे प्रसिद्ध वाद्य १९२३ सालचे होते. मुलीचे वाद्य ए पद्धतीचे, थेंबाच्या आकाराचे आणि गुंडाळीशिवायचे आहे. छिद्रे त्यालाही तशीच असल्यामुळे माइकला फारसा फरक जाणवला नाही. तिच्या चॉपमध्ये वरच्या तारांचा किंचित अधिक कडकडाट आहे एवढेच, आणि तो मला गैर वाटत नाही.

तिची लय अजून चढते. एका वेगवान धुनेत मिनिटाला १२६ आघातांनी सुरुवात झाली आणि शेवटी १३५ भरले. कोणी तिला टोकले नाही.

१४ मार्च २०२५

आठवडाभर थंडी आणि कोरडी हवा. सभागृहात गरम हवा चालू असताना सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली गेली. स्प्रूस लाकडाच्या पातळ फळ्यांची वाद्ये ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास सुखात राहतात, म्हणून वादकांच्या खोलीत आर्द्रक यंत्र ठेवण्याची व्यवस्था केली.

२१ मार्च २०२५

मांडणी पूर्ण झाली. पडदा लावल्यामुळे घुमारा स्पष्टपणे कमी झाला. माइकची पातळी हळूहळू चढवत शिट्टी कोणत्या स्वरांवर सुरू होते ते पाहिले आणि इक्वलायझरवर, म्हणजे वेगवेगळ्या कंपनांची पातळी बदलणाऱ्या साधनावर, २५० हर्ट्झ, ६३० हर्ट्झ व अडीच किलोहर्ट्झ येथे तीन-चार डेसिबल कमी केले. याहून अधिक कापले तर मँडोलिनचे तेजच जाईल. पातळी तिथेच ठेवून पट्टीवर चिकटपट्टी लावली, म्हणजे उद्या मोह झाला तरी हात आवरता येईल.

२२ मार्च २०२५

मैफल साडेसातला सुरू झाली. खुर्च्या भरल्या होत्या आणि मागे काही जण उभे होते. माणसांमुळे सभागृह अपेक्षेहून अधिक कोरडे झाले, म्हणून पहिल्या गाण्यानंतर पातळी दीड डेसिबलने वाढवली. त्यानंतर अखेरपर्यंत पट्टीला हात लावावा लागला नाही.

पूर्वार्धात ठरल्याप्रमाणे चॉप मुलीकडे होता. पहिली दोन गाणी तिने जपून धरली, आणि इतके जपल्यामुळे बँड किंचित जड वाटला. तिसऱ्या धुनेपासून तिचे मनगट सुटले. तालमीत १३५वर गेलेली तीच धून आज १२८ने निघाली आणि फिडलच्या ब्रेकमध्ये १३३पर्यंत चढली. त्यानंतर ज्येष्ठ वादकांचा ब्रेक होता. अशा वेळी अनुभवी वादक ठळक, जड आघात करून लय मागे खेचू शकतो, आणि मला तेच अपेक्षित होते. त्यांनी तसे केले नाही. माइकजवळ येऊन त्यांनी धुनेतील निम्मे स्वर गाळले आणि उरलेले तिच्या चॉपच्या मधल्या जागांत बसवले. त्यामुळे दुसरी आणि चौथी मात्रा संपूर्ण तिला मोकळी मिळाली. आपला आघात इतका उघडा पडलेला ऐकल्यावर तिने तो स्वतःच सावरला, आणि मुद्रणात नंतर मोजले तेव्हा त्यांच्या ब्रेकच्या अखेरीस लय १३१वर स्थिर झालेली दिसली. हे पाहत असताना त्यांनी तिच्याकडे मान वळवल्याचे मला एकदाही आढळले नाही.

मध्यंतरात समितीच्या प्रतिनिधींनी मुलीचे ब्रेक कधी, असे पुन्हा विचारले.

उत्तरार्धात चॉप ज्येष्ठ वादकांकडे गेला आणि बँडचा पोत लगेच बदलला. लय तीच असूनही सगळे काही थोडे मागे रेलून बसल्यासारखे वाटू लागले. मुलीने पहिला ब्रेक माइकपासून दीड-दोन फुटांवरूनच घेतला, नवख्या वादकांना असतो त्या संकोचाने. पट्टी वर करण्याची इच्छा मला झाली. तेवढ्यात गिटारवादक एक पाऊल मागे सरले, बँजोवादकाने बोटे जवळपास थांबवली आणि ज्येष्ठ वादकांनी आपला चॉप इतका हलका केला की तो मागच्या रांगेत केवळ स्पर्शाइतका पोहोचत असावा. तिचा ब्रेक स्वच्छ ऐकू आला. पुढच्या ब्रेकला ती स्वतःहून फूटभर अंतरावर आली. मिक्सरपाशी बसून मी हे केले असते तर ब्रेक ऐकू आला असता हे खरे, पण तिला पुढे येण्याची गरज कळली नसती.

एका संथ वॉल्ट्झमध्ये, म्हणजे तीन मात्रांच्या गाण्यात, दोन्ही मँडोलिन एकदाच एकत्र वाजली. त्या गाण्यात चॉपचे काम नव्हते. दोघे माइकच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहिले, मुलीने मुख्य सुरावट धरली आणि ज्येष्ठ वादकांनी तिच्या खालची. थरथरता स्वर दोन वाद्यांतून एकदम आला की जोडतारांच्या सुरांतील बारीक फरकांमुळे एक प्रकारची लहर तयार होते. मुद्रणात ती उत्तम उतरली आहे. श्रोत्यांनी सर्वाधिक दाद याच गाण्याला दिली, आणि ते स्वाभाविक होते. तरीही या मैफलीतील सर्वांत मोलाचा भाग कोणता, असे मला विचारले तर मी पूर्वार्धातील त्या वेगवान धुनेकडेच बोट दाखवीन.

२९ मार्च २०२५

ध्वनिमुद्रणाचे संपादन. सभागृहातील दोन माइक आणि मंचावरील एक, एवढेच ध्वनिमार्ग उपलब्ध आहेत. मंचावरील माइक मुख्य ठेवला, आणि सभागृहातील माइकचा आवाज बारा डेसिबल खाली मिसळला. अंतरामुळे तो जितका उशिरा पोहोचतो तितका पुढे सरकवून जुळवून घेतला. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असल्याने आठ मीटरना २३ सहस्रांश सेकंद लागतात, आणि हा फरक तसाच ठेवला असता तर चॉप पुन्हा दुहेरी ऐकू आला असता.

समितीची विनंती आली आहे की मुलीच्या उत्तरार्धातील पहिल्या ब्रेकचा आवाज तीन डेसिबलने वाढवावा. एकाच मार्गावर सगळा बँड असल्याने तिच्याबरोबर गिटार, बास आणि खोकणारे श्रोतेही वाढतील, हे कारण कळवले. खरे म्हणजे ते शक्य असते तरी मी केले नसते. त्या ब्रेकमध्ये बाकीच्या पाच जणांनी तिच्यासाठी जी जागा केली ती मुद्रणात जशीच्या तशी आहे, आणि ती सपाट करणे मला मान्य नाही.

टाळ्या आखडल्या, वाद्ये जुळवतानाचे मधले अवकाश कमी केले, आणि प्रत्येक तुकड्यापुढे त्याची सुरांची पट्टी व चॉप कोणाकडे होता याची नोंद जोडली. ही शेवटची नोंद ज्येष्ठ वादकांनी मुद्दाम मागितली होती. अंतिम प्रती आज दोघांनाही पाठवल्या. मुलीने पूर्वार्धाची, केवळ मंचावरील माइकची, सभागृहाचा आवाज न मिसळलेली वेगळी प्रत मागितली आहे. ती सोमवारी तयार करून द्यायची आहे.